४८ वर अडकलेला मॉक आणि इंग्रजीवर आलेला आळ

पत्र थोडक्यात असं आहे. नागपुरातल्या मानेवाड्याची एक मुलगी, यंदा बारावी आर्ट्सला. दहावीपर्यंत मराठी मीडियम. हायकोर्टात वकिली करायची हे तिने आठवीतच ठरवलंय. शनिवार-रविवार धरमपेठेत क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय लॉ युनिव्हर्सिट्यांच्या प्रवेशपरीक्षेच्या, क्लासला जाते, आतापर्यंत १४ मॉक म्हणजे सराव पेपर दिले, मार्क १२० पैकी ४६ ते ५० च्या मध्ये फिरून राहिले, पुढे सरकतच नाहीत. क्लासमधल्या कॉन्व्हेंटच्या मैत्रिणीला ८० पडतात. क्लासचे सर म्हणाले, "तुझं इंग्लिश बेस कच्चं आहे, तू सीईटीवर फोकस कर." सीईटी म्हणजे राज्यातल्या लॉ कॉलेजांची प्रवेशपरीक्षा. बाबांचं छोटं किराणा दुकान आहे, फी त्यांनी दोन हप्त्यांत भरली, आता ते दुसऱ्या मोठ्या क्लासला टाकतो म्हणतायत आणि हिला रात्री झोप येत नाही. ती विचारते: क्लॅट सोडून फक्त सीईटी देऊ का? क्लास बदलू का? की बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊ? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "ताई, मराठी मीडियमच्या मुलींनी हे स्वप्न बघूच नये का?"

बेटा, तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते, कारण ती ओळ तू रडत लिहिली असशील असं मला वाटलं. बघावं. भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, ते मराठी माध्यमात शिकलेले, अमरावतीचे, आणि वकिली केली आपल्याच नागपूर खंडपीठात. शरद बोबडे सरन्यायाधीश झाले, त्यांनी लॉ नागपूर विद्यापीठातूनच केलं. पण ही नावं घेतल्याने तुझ्या मॉकमध्ये अर्धा मार्कही वाढणार नाही हे मलाही कळतं, म्हणून इथेच थांबते आणि तुझ्या मार्कांकडे येते.

तू पत्रासोबत शेवटच्या मॉकचा सेक्शनवार हिशोब पाठवलास हे फार बरं केलंस, बहुतेक जण फक्त "मार्क वाढत नाहीत" एवढंच लिहितात. तुझा हिशोब मी कागदावर मांडून बघितला. इंग्लिश २४ पैकी १७ बरोबर. करंट अफेअर्स ३० पैकी २८ सोडवले, १४ बरोबर. लीगल म्हणजे कायद्याचे ३० च्या ३० सोडवले, १२ बरोबर. लॉजिकल २४ पैकी १४. क्वांट म्हणजे गणित, १२ पैकी फक्त ६ ला हात लावला, त्यातले ४ बरोबर. एकूण ११२ सोडवले, ६१ बरोबर, ५१ चूक, चुकीला पाव मार्क कटतो म्हणजे पावणेतेरा गेले, उरले सव्वा अठ्ठेचाळीस.

आता हे आकडे पुन्हा एकदा बघ, शांतपणे. तुझा सगळ्यात चांगला सेक्शन कोणता आहे? इंग्लिश! ज्या विषयात तू "कच्ची" आहेस असं सर म्हणाले, तू मानलंस, आणि आता घरात बाबासुद्धा मानायला लागले, त्याच विषयात तू शंभरातले सत्तर मिळवून राहिली आहेस. आणि सगळ्यात जास्त चुका कुठे? लीगलमध्ये. तोच लीगल ज्यावर तू रोज तीन तास देतेस, कलमं पाठ करतेस, लॅटिन मॅक्झिम्सची, म्हणजे कायद्यातल्या सूत्रवचनांची, वही भरतेस. इंग्रजी कच्चं असतं तर पहिला मार इंग्लिशमध्येच बसला असता ना?

तू म्हणशील ताई, इंग्लिशला मी ४० मिनिटं देते म्हणून ते बरोबर येतं, मग पुढे वेळच उरत नाही. बरोबर आहे, तसं तू लिहिलंच आहेस. पण मग प्रश्न वेगळा झाला. "मला इंग्रजी येत नाही" आणि "मला इंग्रजी येतं पण मी पेपरात वेळ चुकीच्या जागी खर्च करते" या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिलीला दोन वर्षं लागतात आणि दुसरी पाच महिन्यांत सुधारते. तुझ्याकडे डिसेंबरपर्यंत पाच महिने आहेत.

आधी लीगलचं बोलू, कारण तुझं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतंय आणि तेही मेहनत करून होतंय, ते मला जास्त लागलं. क्लॅटच्या लीगल रीझनिंगला कायद्याचं आधीचं ज्ञान लागत नाही. २०२० पासून पेपर उताऱ्यांवर आला आणि २०१९ पर्यंतचा २०० प्रश्नांचा जुना पेपर गेला, आता १२० प्रश्न, १२० मिनिटं, प्रत्येक उतारा साडेचारशे शब्दांच्या आसपास. उताऱ्यातच नियम दिलेला असतो, खाली एक घटना असते, आणि तुला तो नियम त्या घटनेला लावायचा असतो. तू पाठ केलेलं तिथे कामाचं तर नाहीच, कधीकधी उलट घात करतं. एक माझ्याच मनाने रचलेलं उदाहरण देते. समज उताऱ्यात लिहिलंय: नोकराने कामाच्या ओघात कोणाचं नुकसान केलं तर मालक जबाबदार, पण नोकर स्वतःच्या खाजगी कामाला गेला असेल तर मालक जबाबदार नाही. आता घटना: सीताबर्डीतल्या कपड्याच्या दुकानातला पोरगा दुकानाच्या गाडीने धरमपेठेत पार्सल द्यायला गेला, पार्सल दिलं, आणि परत यायचं सोडून मित्राला भेटायला फुटाळा तलावावर गेला, तिथे एका भुट्टेवालीच्या ठेल्याला धडक दिली. मालक भरपाई देईल का? पर्यायात एक असेल "हो, कारण गाडी दुकानाची होती", एक असेल "हो, कारण दुकानाची वेळ चालू होती". दोन्ही किती पटतात ना, आणि भुट्टेवालीची दयाही येते. पण नियमात गाडी कोणाची आणि वेळ कोणती यातला एक शब्द तरी आहे का? नाही. नियम फक्त एवढंच विचारतो की तो कोणाच्या कामाने गेला होता. तो मित्राला भेटायला गेला, म्हणजे मालक सुटला. आणि पुढचाच प्रश्न असेल, मालकाने त्याला "येताना फुटाळ्यावरून उधारी घेऊन ये" असं सांगितलं असतं तर? उत्तर लगेच फिरलं. बस, हे एवढंच कौशल्य तपासतात ते, नियमातले शब्द धरून चालणं. यासाठी एकही मॅक्झिम पाठ नको.

आणि कलमं तू जुन्या इंडियन पीनल कोडची पाठ करून राहिली आहेस असं पत्रावरून दिसतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमं आली, नंबर सगळे बदलले. कोणाच्या तरी जुन्या नोट्स झेरॉक्स करून घेतल्या असतील, त्या आजच बाजूला ठेव. मॅक्झिम्सची वही मात्र फेकू नको, ती सीईटीला लागेल, त्यावर पुढे बोलते.

आता वाचण्याच्या स्पीडचं. तू लिहिलंस की तू प्रत्येक वाक्य मनात मराठीत ट्रान्सलेट करतेस म्हणून वेळ लागतो आणि ही सवय कशी मोडू. मी म्हणते मोडू नको, फक्त जागा बदल. वाक्यावाक्याचं भाषांतर करायचं नाही, पण परिच्छेद संपला की एका ओळीत मनातल्या मनात मराठीत म्हणायचं, "हा बाबा म्हणतो की सरकारने असं करायला नको होतं कारण अमुक". एवढं म्हणता आलं की पुढे जायचं, मध्ये दोन शब्द अडले तरी चालतात. मराठीत विचार करणारीला हा फायदाच आहे, कारण स्वतःच्या भाषेत एका ओळीत सांगता आलं म्हणजे खरंच कळलं, जे इंग्रजीत गुळगुळीत वाचून जातात त्यांना पुष्कळदा उतारा संपल्यावर काहीच सांगता येत नाही.

मी आजही खंडपीठात एखादा निकाल वाचायला घेते तेव्हा सगळा एका वेगाने वाचत नाही. घटना काय झाली ते भरभर, आणि जिथे कोर्ट नियम सांगतं तिथे पेन्सिल घेऊन शब्दन् शब्द. तू सगळंच एका वेगाने वाचतेस, हा तुझा खरा प्रॉब्लेम आहे असं मला वाटतं. गोष्ट असेल तिथे पळायचं, नियम असेल आणि प्रश्न असेल तिथे थांबायचं. आणि काही शब्द असे आहेत की ते दिसले की पाय रोवूनच उभं राहायचं: अनलेस, प्रोव्हायडेड दॅट, नॉटविथस्टँडिंग, ओन्ली इफ, मे आणि शॅल यातला फरक, हाउएव्हर. अवघड शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा हे वीस-पंचवीस जोडशब्द पक्के कर. निम्म्या चुका या शब्दांवरून घाईत उडी मारल्याने होतात हे मी गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या किती पोरापोरींच्या पेपरात बघितलंय.

रोजच्या वाचनासाठी एक सोपी गोष्ट करून बघ. सकाळी घरात मराठी पेपर येतोच, त्यातला एक विषय निवड, समजा सुप्रीम कोर्टाचा एखादा निकाल किंवा रिझर्व्ह बँकेचा निर्णय. तो आधी मराठीत नीट समजून घे. मग त्याच विषयावरचा इंग्रजी पेपरातला लेख वाच. विषय आधीच माहीत असल्यामुळे डोकं फक्त भाषेवर लागतं आणि स्पीड आपोआप येतो. नागपुरात हितवाद तर १९११ पासून आहे, बाजूच्या कोणाकडे तरी नक्की येत असेल, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस एखाद्या राष्ट्रीय दैनिकाचा संपादकीय वाच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचायचा, दोन तास, आणि सगळं नोटबुकमध्ये उतरवायचं, हे जे तुला क्लासमध्ये सांगितलंय ते मला पटत नाही. पाऊण तास पुरे. करंट अफेअर्सचे प्रश्नही उताऱ्यावरच येतात पण उत्तर उताऱ्यात असतंच असं नाही, मागचापुढचा संदर्भ माहीत असावा लागतो, म्हणून सुट्ट्या बातम्यांची यादी करण्यापेक्षा एक विषय धरून त्याचं आधी काय झालं, कोणती संस्था, कोणता करार, कोणता कायदा, असं एका पानावर लिहिलेलं जास्त टिकतं.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. तू आठवड्याला तीन मॉक देतेस. मॉक झाला की मार्क बघतेस, रँक बघतेस, वाईट वाटतं, उत्तरांची की उघडतेस, "अरे हो, बी होतं" म्हणतेस आणि दुसऱ्या मॉकला लागतेस. असे १४ काय ४० मॉक दिले तरी तू ४८ वरच राहशील. रोज वजनकाट्यावर उभं राहून कोणाचं वजन कमी होतं का?

पुढचा मॉक दिला की उत्तरांची की उघडायचीच नाही. सोडवतानाच ज्या प्रश्नांत शंका वाटली त्यांच्यासमोर एक टिंब मारून ठेवायचं. मग दुसऱ्या दिवशी घड्याळ न लावता ते सगळे टिंबवाले प्रश्न परत सोडवायचे, आणि प्रत्येकाला बाजूला एका ओळीत लिहायचं की हाच पर्याय का, आणि बाकीचे का नाहीत. मराठीत लिही, काही बिघडत नाही. हे झालं की मग की उघडायची. अमेरिकेत लॉ स्कूलसाठी एलसॅट म्हणून परीक्षा असते, तिची तयारी करणारे याला ब्लाइंड रिव्ह्यू म्हणतात, पद्धत तिकडची असली तरी आपल्या पेपरला तंतोतंत लागू पडते. यातून तुला मार्कांचे दोन आकडे मिळतात, एक घड्याळासकट आणि एक घड्याळाविना. समज घड्याळाविना तुझे बरोबर प्रश्न ६१ चे ८५ झाले, तर कळलं की समजतं तुला सगळं, घाई नडते. आणि ६१ चे ६४ च झाले तर कळलं की समजण्यातच अडचण आहे, मग मॉक बंद करून आधी सुटे उतारे घेऊन बसायचं. दोन्हीचा इलाज वेगळा आहे आणि हे माहीत नसताना क्लास बदलणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता डॉक्टर बदलणं.

याला वेळ लागतो. एका मॉकला दोन दिवस जातात. म्हणून आठवड्याला एकच मॉक, ऑक्टोबरपर्यंत तरी. तुझ्या क्लासमध्ये तीन असतील तर दोन सोडून दे, सर रागावले तर रागावू दे. आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर कारण लिही, पण "सिली मिस्टेक" हा शब्द त्या वहीत येऊ द्यायचा नाही, कारण त्याने काहीच कळत नाही. नियमातला शब्द सुटला, दोन पर्यायांत अडकले, बाहेरचं ज्ञान घुसवलं, माहितीच नव्हतं, वेळ संपत आला म्हणून ठोकलं, असं काहीतरी नेमकं पाहिजे. पंधरा दिवसांनी ती वही उलटून बघितली की एकच कारण पुन्हा पुन्हा दिसेल बघ, आणि तेवढं एक दुरुस्त केलं तरी मार्क हलतात.

निगेटिव्ह मार्किंगची तू फार भीती घेतली आहेस, क्वांटचे सहा प्रश्न तू त्या भीतीनेच सोडले. जरा गणित बघ. चार पर्यायांत डोळे मिटून १६ प्रश्न ठोकले तर सरासरी ४ बरोबर येतील आणि १२ चुकतील, ४ मार्क आले, ३ गेले, तरी एक उरलाच. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं तर फायदा आणखी वाढतो, दोन पर्याय उडवता आले तर ठोकायलाच पाहिजे. मी अंदाजे ठोकायला सांगत नाहीये, पण पाव मार्काच्या भीतीने अर्धा विचार केलेला प्रश्न सोडून येणं हे जास्त महाग पडतं. तुझे क्वांटचे ६ पैकी ४ बरोबर आहेत, म्हणजे गणितही काही वाईट नाही तुझं. दहावीच्या लेव्हलचंच असतं ते, शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर, एखादा तक्ता वाचणं. १० ते १४ प्रश्न असतात. आर्ट्स घेतलं म्हणजे गणिताशी संबंध संपला असं समजून किती मुलं हे आठ-नऊ मार्क दरवर्षी टाकून येतात! रोज वीस मिनिटं दे, दहावीचं स्टेट बोर्डाचं पुस्तक घरात असेलच.

पेपरात वेळ कसा वाटायचा ते प्रत्येकाचं वेगळं असतं पण तुझ्यासाठी मी असं सुचवेन: करंट अफेअर्सला १३-१४ मिनिटं, कारण तिथे येतं किंवा येत नाही, विचार करून काही उगवत नाही. लीगलला ३५, तेही आधी, डोकं ताजं असताना. मग लॉजिकलला २८. इंग्लिशला २५, चाळीस बिलकुल नाही, त्यात १७ चे १५ झाले तरी हरकत नाही कारण लीगलमध्ये १२ चे २० होतील. क्वांटला १३ आणि उरलेली मिनिटं उत्तरपत्रिकेतले गोळे तपासायला. दोन-तीन मॉकमध्ये फिरवून बघ आणि तुला जमेल तसं ठरव, पण ऑक्टोबरनंतर क्रम बदलू नको.

गोळ्यांवरून आठवलं. क्लॅट कागदावर घेतात, ओएमआर शीटवर पेनाने गोळे भरायचे असतात, आणि तू सगळे मॉक मोबाईलवर देतेस. मोबाईलवर बोट लावलं की झालं, इथे १२० गोळे भरायला वेळ जातो आणि एक ओळ चुकली की पुढचं सगळं चुकतं. बाजारात कोऱ्या ओएमआर शीट मिळतात, घेऊन ये आणि मॉकची प्रिंट काढ. आणि परीक्षा दुपारी २ ते ४ असते. तू मॉक सकाळी सहाला देतेस कारण तेव्हा फ्रेश असतेस. दुपारी वरण-भात खाऊन झाल्यावर दोन वाजता घरात सगळे आडवे होतात तेव्हा दोन तास उतारे वाचायची सवय शरीराला आधीपासून पाहिजे, म्हणून रविवारचा मॉक दोन वाजताच लाव. घरी दुकानाचा गलका असेल तर अभ्यासिकेत जा, मानेवाडा-हुडकेश्वरकडे आता गल्लोगल्ली झाल्या आहेत, महिन्याची फी क्लासच्या मानाने काहीच नाही.

आता तुझे तीन प्रश्न.

क्लॅट सोडून फक्त सीईटी? मला यात "सोडून" हा शब्दच चुकीचा वाटतो. क्लॅट गेली काही वर्षं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होतेय, बोर्ड फेब्रुवारीत, आणि राज्याची पाच वर्षांच्या लॉची सीईटी त्यानंतर उन्हाळ्यात. एकामागे एक आहेत, एकमेकींच्या आड कुठे येतात? इंग्लिश, लॉजिकल, करंट अफेअर्स दोन्हीकडे चालतं. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, पेपर कॉम्प्युटरवर असतो आणि प्रश्न मराठीतही दिसतात. लीगलला मात्र तिथे सरळ माहितीचे प्रश्न येतात, राज्यघटना, कायद्यातल्या संज्ञा, मॅक्झिम्स, म्हणून तुझी ती वही बोर्ड संपल्यावर काढ. आता नाही. आणि सीईटीने मिळणारं कॉलेज म्हणजे हरल्यांचं कॉलेज असं जे तुझ्या क्लासमध्ये बोलतात ते मनातून काढून टाक, मला याचा फार राग येतो. आपल्या शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालयातून निघालेली माणसं खंडपीठात रोज उभी असतात. मराठीत साक्षीदाराची उलटतपासणी घेता येणं, सातबारा वाचता येणं, पक्षकाराचं वऱ्हाडी कळणं, हे जिल्हा कोर्टात सोन्यासारखं आहे आणि ते कोणत्याही मॉकमध्ये मोजलं जात नाही. पदवी दोन्हीकडून एलएलबीचीच मिळते, सनद तीच, बार कौन्सिलची परीक्षा तीच. लॉ युनिव्हर्सिटीत शिकवणं, मूट कोर्ट म्हणजे युक्तिवादाच्या सराव-स्पर्धा, इंटर्नशिप, मोठ्या फर्म्स कॅम्पसवर येणं हे जास्त असतं हे खरं आहे, आणि फीसुद्धा कैक पटीने जास्त असते हेही तितकंच खरं आहे. तुला हायकोर्टात उभं राहून वकिली करायची आहे, मग हे दोन्ही पारडी घरी बसून तोलून बघा.

त्यासाठी एक कर. एखाद्या दिवशी बाबांना दुकान बंद ठेवायला लाव आणि दोघं मिळून वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचं कॅम्पस बघून या, बुटीबोरीकडे आहे, आणि येताना आंबेडकर लॉ कॉलेजही बघा. वारंग्याला ॲडमिशन क्लॅटवरच होते आणि महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी काही जागा राखीव असतात, तुझा डोमिसाइल दाखला आत्ताच काढून ठेव, शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात रांग असते. अर्जाचीच फी ४००० रुपये आहे, एससी, एसटी आणि बीपीएलसाठी ३५००, तेही बाबांना आधी सांगून ठेव. बारावीला ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४०, ते तुला आरामात येतील, पण बोर्डाकडे अगदीच पाठ फिरवू नको.

क्लास बदलू का? माझ्या मते नाही, निदान आत्ता नाही. बाबांना हे कसं सांगायचं हा तुझा खरा पेच आहे हे मला दिसतंय. ते मोठ्या क्लासचं बोलतात कारण त्यांना तुझ्यासाठी काहीतरी करायचंय आणि त्यांच्या हातात पैसे देण्याखेरीज दुसरं काही नाही असं त्यांना वाटतं. मग त्यांना दुसरं काम दे. रविवारी दोन ते चार तू मॉक देत असताना घड्याळ त्यांनी लावावं आणि पेपर त्यांनीच काढून घ्यावा, उत्तरांची कीसुद्धा त्यांच्याकडेच ठेवावी, तू सोमवारी परत सोडवल्याशिवाय द्यायची नाही. बघ त्यांना किती बरं वाटेल. आणि अभ्यासाचं साहित्य लागतं त्यातलं पुष्कळ फुकट आहे, क्लॅट घेणाऱ्या लॉ युनिव्हर्सिट्यांच्या कन्सॉर्शियमच्या साइटवर २०२० पासूनचे खरे पेपर आणि नमुना पेपर मिळतात, खऱ्या पेपरसारखी भाषा कोणत्याच क्लासच्या मॉकमध्ये नसते. २०१९ आणि त्याआधीचे पेपर मात्र क्लॅटसाठी सोडवत बसू नको.

ड्रॉपचं आज ठरवूच नको. क्लॅटचा निकाल गेल्या दोन्ही वर्षी डिसेंबरातच लागला, सीईटीचा नंतर लागेल, हातात दोन्ही मार्क आणि तुझी ती चुकांची वही असेल तेव्हा जूनमध्ये बस आणि ठरव. डिसेंबरात तुझा मॉक ८० च्या वर सरकत असेल आणि पेपरात थोडक्यात गेलं असेल तर ड्रॉपला अर्थ आहे. ४८ चे ५२ झाले असतील तर तोच अभ्यास आणखी एक वर्ष करून काही होणार नाही, मग सीईटीने मिळालेलं कॉलेज घे आणि पहिल्या वर्षापासून कोर्टात जायला लाग. "अजून एक वर्ष आहे" ही सोय डोक्यात ठेवून आत्ताचे पाच महिने मात्र घालवू नको, ते मी पाहिलंय, चांगल्या चांगल्या पोरांचं झालंय.

याच आठवड्यात काटोलहून एका मुलाचंही पत्र आलं, त्याचं तुझ्या बरोब्बर उलट आहे, इंग्रजी शाळा, वाचतो पटापट, वीस मिनिटं आधी पेपर संपवतो आणि मार्क ५५. त्यालाही माझं हेच सांगणं आहे, ती वीस मिनिटं लीगल आणि लॉजिकलच्या प्रश्नांवर खर्च कर आणि की न बघता दुसऱ्या दिवशी परत सोडव. आणि ज्यांचं बीए-बीकॉम होऊन गेलंय आणि मला विचारतात की आता उशीर झाला का, त्यांच्यासाठी तीन वर्षांचं एलएलबी आहे, त्याची सीईटी वेगळी होते, तयारीची ही पद्धत तिथेही लागू आहे.

मैत्रिणीच्या ८० चं काय ते राहिलंच. तिच्याशी बोल ना एकदा. तिला विचार की लीगलच्या उताऱ्यात ती पेन्सिलने काय खुणा करते. मुली हे एकमेकींना सांगतात गं, विचारायला मात्र लाज वाटते आपल्याला.

शेवटच्या मॉकच्या ५१ चुका अजून तुझ्याजवळ असतील. तू की बघितली आहेस, पण नुसती वरवर बघितलीस, बहुतेक उत्तरं आठवत नसतील. त्यातले लीगलचे १८ प्रश्न काढ, घड्याळ उलटं करून ठेव, नियमातल्या शब्दांवर बोट ठेवत परत सोडव. कितीही वेळ लागू दे. आणि १८ पैकी किती सुटले तो आकडा मला पुढच्या पत्रात कळव, मी वाट बघते.